करधईच्या टेकड्यांत

करधईचं झाड पाहायचं तर पाऊस पडायच्या आधी ग्वाल्हेर-शिवपुरीकडच्या टेकड्यांत जावं. नौतपा उलटलेला असतो, मृग लागून आठवडा झालेला असतो, पण आभाळ कोरडंठाक. पायाखालचा वालुकाश्म सकाळी आठलाच चटके देतो. मग एक दिवस वारा फिरतो. पश्चिमेकडून येणारी लू थांबते आणि पूर्वेकडून दमट वारा सुटतो. इथले लोक त्याला पुरवाई म्हणतात. पुरवाई चार दिवस लागून राहिली की करधईच्या खाली लोंबणाऱ्या, वाळक्या दिसणाऱ्या फांद्यांवर बारीक हिरवे ठिपके उमटू लागतात. पावसाचा थेंबही पडलेला नसतो. हवेतल्या नुसत्या ओलाव्यावर हे झाड पालवतं असं वनरक्षकांपासून शेळ्या राखणाऱ्यांपर्यंत सगळे सांगतात, आणि असा पालवता उतार डोळ्यांनी पाहिला की त्यांच्या म्हणण्यावर विश्वास बसतो.

करधई ही आपल्या धावड्याची बहीण. दोन्ही झाडं एकाच कुळातली, एकाच प्रजातिसमूहातली. पण धावडा उंच होतो, त्याला थोडी तरी माती लागते. करधई मात्र जिथं खडकावर चार बोटं मातीही नाही अशा उतारावर दाटी करून उभी राहते. लाकूड चिवट, कुऱ्हाड-कुदळीच्या दांड्यांना आणि कोळशाला उत्तम, म्हणून तिच्यावर कुऱ्हाडही फार चालली. थंडीत पानं तांबूस होतात, मग गळतात आणि उन्हाळाभर डोंगर करडा दिसतो. आग्रा-मुंबई रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, हे जंगल मेलेलं आहे.

मी ज्यांच्याकडे उतरले होते त्या आत्यांचंही मत असंच होतं. त्यांचं सासर लष्करातल्या जनकगंजात. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली, तिचंच पुढे लष्कर शहर झालं, आणि महाराष्ट्रातून आलेली कितीतरी घरं तेव्हापासून इथंच रुजली. आत्यांचं मराठी शुद्ध पुणेरी नाही. त्यात 'बाड्यावर जाऊन येते' आणि 'पंखा तेज कर' सहज मिसळलेलं असतं, आणि ते ऐकायला मला फार आवडतं. "अगं, पक्षी बघायला थंडीत यायचं," त्या म्हणाल्या. "आता या उन्हात काय ठेवलंय? नुसत्या काटक्या." त्यांनी कैरीचं पन्हं बाटलीत भरून दिलं, डोक्याला बांधायला ओला पंचा दिला, आणि दहाच्या आत घरी परतायचं कबूल करून घेतलं.

थंडीत इथं पाहुणे पक्षी येतात हे खरं. तलावांवर बदकं उतरतात, गर्दी होते. पण या टेकड्यांचं स्वतःचं जे आहे ते उन्हाळ्याच्या शेवटी दिसतं. घरटी याच दिवसांत असतात, गाणीही याच दिवसांत.

पहिल्या सकाळी किल्ल्यावर गेले, तेही उरवाई दरवाज्याच्या बाजूनं. चढ सोपा आहे, आणि दोन्ही अंगांना कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. तोमर राजांच्या काळात, पंधराव्या शतकात त्या घडवल्या गेल्या. पुढच्या शतकात बाबर इथं आला तेव्हा त्यानं त्या विद्रूप करायचा हुकूम सोडला. काहींचे चेहरे नंतर दुरुस्त झाले आहेत. साडेपाचला तिथं एकही माणूस नव्हतं. कड्यावरून काळपट भिंगऱ्या सुटत होत्या, वळून पुन्हा त्याच कपारीत शिरत होत्या. वर पोपटांचा कलकलाट, खाली दरीत मोर.

आणि एका मूर्तीच्या गुडघ्यावर तो बसला होता. ब्राउन रॉक चाट. बुलबुलाहून लहान, अंगभर एकच मातकट तपकिरी रंग, कुठं पांढरा डाग नाही, पट्टा नाही. रंगाच्या मोहानं पक्षी पाहणाऱ्याचं त्याच्याकडे लक्षही जाणार नाही. मला मात्र त्याच्यासाठीच यायचं होतं, कारण हा पक्षी जगात फक्त भारतीय उपखंडात आहे, तोही उत्तर आणि मध्य भारतातल्या खडकाळ मुलखात. आमच्याकडे महाराष्ट्रात तो सहसा भेटत नाही. तो शेपटी सावकाश वर उचलायचा, तशीच खाली आणायचा. मग गायला लागला. पहिल्यांदा वाटलं दुसरा कुणी पक्षी आहे, कारण त्या गाण्यात चिरकाची शीळ होती, मग शिंजिराची किरकिर, मग त्याचं स्वतःचं काहीतरी गोड, घाईघाईचं. चोचीत अळी घेतलेली मादी आली, मूर्तीच्या खांद्यामागच्या भेगेत शिरली, आतून पिल्लांचा गलका झाला. ती बाहेर आली तेव्हा चोचीत पिल्लांच्या विष्ठेची पांढरी पिशवी होती. ती तिनं दूर नेऊन टाकली. नर तोवर गातच होता. मी कोवळं ऊन त्या दगडावर येईपर्यंत तिथंच बसून राहिले.

सलीम अलींनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ या संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी केली होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ती १९३९-४० च्या सुमारास प्रसिद्ध झाली. पुढं राज्यं बदलली, नकाशे बदलले. किल्ल्याच्या पायथ्याशी घरं चढत चढत वर आली. हा तपकिरी पक्षी मात्र माणसाच्या भिंतींशी जमवून घेणारा आहे. लष्करातल्या जुन्या वाड्यांच्या वळचणीलाही तो घर करतो. सगळ्यांना ते जमत नाही, आणि माझं मन ओढलं जात होतं ते अशांकडेच.

तिघरा धरणावर आतेभावानं स्कूटरनं नेलं. शहरापासून वीस-बावीस किलोमीटर पश्चिमेला, सांक नदीवर १९१६ साली बांधलेलं हे धरण ग्वाल्हेरला पाणी पाजतं. पुण्याच्या माणसाला त्याची एक ओळख लगेच पटेल: विश्वेश्वरय्यांनी पूर आला की आपोआप उघडणारे दरवाजे आधी खडकवासल्याला बसवले, आणि मग तीच पद्धत तिघऱ्याला आणली. धरण पुरं झाल्यावर वर्षभरातच, १९१७च्या पावसाळ्यात ते फुटलं. पायाखालच्या वालुकाश्मातून पाणी झिरपलं होतं. पुन्हा बांधावं लागलं.

जूनअखेर पाणी इतकं मागं हटलेलं असतं की काठापर्यंत पोचायला भेगाळलेल्या चिखलातून बरंच चालावं लागतं. हळदी-कुंकू बदकांच्या जोड्या, नदी सुरय, एका कोपऱ्यात सारसांची जोडी. सारस पाहून मन भरून येतं, त्याबद्दल जास्त काही सांगायची गरज नाही. मी थांबले ती पखुर्ड्यांसाठी. ऊन जरा चढल्यावर, साधारण आठच्या पुढं, त्या पाण्यावर येतात. आधी आवाज येतो, दोन सुरांचा, घशातल्या घशात; मग माळाकडून थवा येतो, पाण्यावरून एक फेरा मारतो, उतरतो तो पाण्यापासून थोडा दूर. मग सगळ्या तुरुतुरु चालत काठाला येतात, पटापट चार-पाच घोट पितात आणि उडून जातात. सकाळचं त्यांचं पाणी पिणं तेवढंच. एक नर मात्र मागं राहिला. तो पाण्यात पोटापर्यंत शिरला, अंग डावीकडे-उजवीकडे हलवत बसला. पोटाची पिसं पाण्यानं भिजवून तो ती पिल्लांकडे नेतो, पिल्लं ती पिसं चोखून पाणी पितात. मैलभर लांब, सावलीचं एक झाड नसलेल्या माळावर. सोलापूरच्या माळावर मी पखुर्ड्या लहानपणापासून पाहते आहे, पण नराला असं पाणी भरताना इतक्या जवळून पाहायला मिळालं ते इथं.

शिवपुरीला जायला पहाटेची बस घेतली. सव्वाशे किलोमीटरच्या आतलं अंतर. शिंद्यांची ही एके काळची उन्हाळी राजधानी. माधवराव शिंद्यांच्या काळात इथं रस्ते, तलाव, बंगले झाले. त्यांनीच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेतून सिंह आणून इकडच्या जंगलात सोडले होते. ते सिंह गावांत शिरून गुरं-माणसं मारू लागले आणि तो प्रयोग आटोपता घ्यावा लागला. त्याच टापूत, कुनोमध्ये, २०२२च्या सप्टेंबरात नामिबियातून चित्ते आले. माधव राष्ट्रीय उद्यानात वाघ आणून सोडले गेले ते २०२३ मध्ये, आणि २०२५ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. मोठ्या जनावरांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला उद्यानाच्या कडेला, सख्यासागराजवळच्या भदैया कुंडाकडं जायचं होतं, कारण तिथं पायी फिरता येतं. सख्यासागर हा १९१८चा तलाव, २०२२ पासून रामसर यादीत आहे. काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात.

कुंडाच्या वर ओहळाच्या कडेनं करवंदाच्या जाळ्या आहेत, त्यावर खैर, मध्ये मध्ये मोह आणि बाकी सगळी करधई, नुकती पालवलेली. पुरवाई सुटून चार दिवस झाले होते. हवा चिकट, अंगातून घाम निथळत होता, आणि जंगलात आवाजांची नुसती रेलचेल होती. पावशा वरच्या वर सूर चढवत होता, टकाचोर त्याला तोडत होता, आणि दरीतून दोन सुरांची स्वच्छ शीळ येत होती. नवरंग.

नवरंग हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो आणि पावसाच्या तोंडावर इकडं वीण करायला येतो. महाराष्ट्रात मे-जूनमध्ये प्रवासात थकलेला एखादा नवरंग कुणाच्या तरी गॅलरीत पडलेला सापडतो, मग वर्तमानपत्रात फोटो येतो. इथं तो स्वतःच्या घरी होता. मी जाळीआड बसले. बऱ्याच वेळानं पाचोळ्यात खुडखुड झाली आणि तो चालत बाहेर आला, आखूड शेपटीचा, लांब पायांचा. हिरवी पाठ, मातकट पिवळं पोट, शेपटीखाली शेंदरी, डोळ्यावरून काळा पट्टा, आणि पंखांवर निळ्याचा एक तुकडा, तो हलला की लखलखायचा. पानं चोचीनं उलटी करत होता. एक गांडूळ सापडलं, ते गिळलं नाही, तसंच धरलं. दुसरं सापडलं, तेही त्याच्याच जोडीला. दोन्ही लोंबती घेऊन तो उड्या मारत करवंदाच्या बुडाशी गेला. तिथं काटक्या-पानांचा एक ढीग होता, बाजूनं तोंड असलेला. ते घरटं होतं. मी आणखी जवळ गेले नाही. फोटो काढणारे अशा घरट्यापुढच्या फांद्या बाजूला करतात, त्याचा मला मनापासून राग येतो. आडोसा गेला की कावळ्याला, मुंगसाला वाट मोकळी.

ओहळावर झुकलेल्या एका फांदीच्या बेचक्यात दूधराजाचं घरटं होतं. मध्य प्रदेशानं हा आपला राज्यपक्षी मानला आहे. कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेली एवढीशी वाटी आणि तिच्यात अंडी उबवत बसलेला पांढराशुभ्र नर, शेपटीच्या दोन फिती हातभर खाली लोंबत्या. शत्रूच्या डोळ्यांत भरेल असं रूप घेऊन हा नर बसतो कसा, असं कुणालाही वाटेल. वरच्या फांदीवर कोतवालाची जोडी होती. एक शिक्रा तिथून जाताच दोघंही त्याच्यावर अशी तुटून पडली की तो थेट तलावापलीकडे पळाला. दूधराज पुष्कळदा कोतवालाच्या शेजारीच घरटं बांधतो, आणि का, ते तिथं डोळ्यांसमोर दिसलं.

आत्यांच्या 'काटक्यां'त हे सगळं चाललेलं होतं. सरकारी कागदांतही अशा जमिनीला पडीक, निकृष्ट, झुडपी म्हणायची पद्धत आहे. ती सवय ब्रिटिश महसूल खात्यापासूनची: ज्यातून सारा येत नाही ती जमीन वाया गेलेली. मग तिथं खाण द्यायला, कारखाना द्यायला, अगदी वृक्षारोपण म्हणून परकी झाडं लावायलाही कुणाचा जीव तुटत नाही. चंबळच्या घळींत विमानानं विलायती बाभळीचं बी टाकलं गेलं तेही ओसाड जमीन सुधारायची म्हणून. करधईच्या उताराला किंवा गवताच्या माळाला सुधारणेची गरज नाही. त्याला त्याच्या वेळी जाऊन पाहणारे लोक हवे आहेत, आणि ती वेळ गैरसोयीची आहे, इतकंच.

परतताना घाटीगावला उतरले. इथं सोनचिरैया अभयारण्य आहे, १९८१ साली माळढोकासाठी राखलेलं, ५१२ चौरस किलोमीटरचं. माळढोक इथून केव्हाच गेला. करधईच्या टेकड्या संपून दगडगोट्यांचा, गवताचा सपाट भाग लागतो, तिथं तो नाचायचा. वनखात्याचा एक चौकीदार माझ्याबरोबर आला, निवृत्तीला टेकलेला, कमी बोलणारा. लहानपणी वडिलांबरोबर गुरं घेऊन जाताना पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यानं नराचा हुंकार ऐकला होता. गळ्याची पिशवी जमिनीपर्यंत फुगवून नर उभा राही, आवाज फार लांबवर जाई. इकडं त्याला हुकना म्हणतात.

मी सोलापूरची आहे असं सांगितल्यावर तो मोकळा झाला, कारण आमच्याकडच्या, माळढोकाच्या नान्नजचं नाव त्यानं ऐकलं होतं. नान्नज आणि शिवपुरीकडचं करैरा, दोन्ही ठिकाणी १९८०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक माळढोकामागं हिंडत होते. करैऱ्यात चौकीदाराच्या बहिणीचं सासर. तिथली गोष्ट त्यानं घरची म्हणून सांगितली. अभयारण्य झालं तेव्हा लोकांची पक्ष्याशी काही तक्रार नव्हती. पक्षी शेतात नाकतोडे, टोळ खायचा, त्याचं कुणी वाईट मानत नव्हतं. पण गावांची खासगी जमीन अभयारण्याच्या हद्दीत आली आणि ती विकता येईना. मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला पैसा उभा करायचा तर गिऱ्हाईक नाही. संरक्षणामुळं काळवीट वाढले, ते उभं पीक खाऊ लागले. राग काळविटावर होता, सरकारवर होता, पण निघाला माळढोकावर, कारण अभयारण्य त्याच्या नावाचं होतं. १९९०च्या दशकात करैऱ्यातून माळढोक संपला. पुढं अभयारण्यही रद्द झालं. "लोकांनी पेढे वाटले," तो म्हणाला, आणि हे सांगताना त्याच्या आवाजात लोकांविषयी राग नव्हता.

मला हे ऐकून नवल वाटलं नाही. सोलापूर-नगर जिल्ह्यांतलं आमचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरचं आखलं गेलं. गावंच्या गावं, खुद्द सोलापूर शहर त्यात. घर बांधायला परवानगी, विहिरीला परवानगी. माझ्या माहेरच्या गावात माळढोक या शब्दाला शिवी जोडूनच बोलणारी माणसं मी ऐकली आहेत. नंतर हद्द कमी करून ती १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली, पण तोवर पक्षी हाताच्या बोटांवर आले होते, आणि आता एखादा दिसला तरी बातमी होते. देशात उरलेत ते दीडशेच्या आसपास, बहुतेक जैसलमेरच्या बाजूला, तिथंही विजेच्या तारांना आपटून मरताहेत. मादी वर्षाला एक अंडं घालते, उघड्या जमिनीवर. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याला लोकांचा राग परवडत नाही.

"सोलापुरात लोक आता काय म्हणतात?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, नान्नजचे काही शेतकरी अजून माळ नांगरत नाहीत, पाहायला येणाऱ्यांना स्वतः घेऊन जातात. त्यानं मान हलवली.

आम्ही उघड्यावर आलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. शेळ्यांचा एक कळप टेकडीवरून उतरत होता, मागं चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा. चौकीदारानं काही सांगायच्या आधीच मुलानं हाळी देऊन शेळ्या डावीकडे वळवल्या आणि आम्हाला हातानं थांबायची खूण केली. मग खाली बसून बोट दाखवलं. मला काही दिसेना, नुसते गोटे. बघता बघता त्यातले दोन गोटे अंड्यांचे झाले, काळ्या शिंतोड्यांची, मातीच्या रंगाची. धाविकाची अंडी. पन्नास पावलांवर मादी धावत होती, थांबत होती, पुन्हा धावत होती, डोक्याचा तांबूस माथा उन्हात चमकत होता. मुलगा म्हणाला, अंडी उबेपर्यंत तो या बाजूला शेळ्या आणत नाही, पाऊस पडला की पलीकडे गवत येईलच. कुणी सांगितलं तुला, म्हणून चौकीदारानं विचारलं. त्यानं खांदे उडवले. मग चित्रित तित्तिर कुठल्या टेपाडावर बसून बोलतो ते बघायचंय का, म्हणून त्यानं आम्हालाच विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता तो चालायलाही लागला.